ऊन कधी, बहर कधी

मोगरा चुकीच्या जागी लावला तर तो मरत नाही. मेला असता तर चूक निदान कळली असती. तो हिरवागार राहतो, लांबलचक फांद्या सोडतो, मोठाली पानं काढतो आणि फूल मात्र देत नाही. घरची माणसं दर वर्षी त्याला खत घालतात, कुणी चहाचा चोथा टाकतं, कुणी ताक ओततं आणि "यंदा येतील" म्हणत आणखी एक उन्हाळा निघून जातो. झेंडूचं किंवा झिनियाचं असं होत नाही. ती हंगामी रोपं. तीन-चार महिन्यांत त्यांचं आटोपतं, जागा चुकली तर पुढच्या खेपेला बदलता येते. बहुवर्षायू झाड मात्र दहा-दहा वर्षं घरात राहायचं असतं. म्हणून ते निवडताना फुलाचा रंग आणि वास शेवटी बघावा. आधी बघायचं ते हे, की या झाडाला कळ्या धरायला ज्या महिन्यांत ऊन लागतं, नेमक्या त्याच महिन्यांत आपल्या जागेत ऊन येतं का.

ऊन वर्षभर एका जागी पडत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, पण झाड घेताना ते कुणाच्या लक्षात राहत नाही. दक्षिणेची गॅलरी म्हणजे भरपूर ऊन, अशी पक्की समजूत आहे आणि ती निम्मीच खरी आहे. डिसेंबरात भर दुपारी पुण्याचा सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४८ अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेच्या गॅलरीतून ऊन थेट हॉलच्या फरशीवर येतं. एप्रिलच्या मध्यावर तोच सूर्य ८१ अंशांवर चढतो आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली जवळजवळ सगळी गॅलरी झाकून टाकते. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, नागपुरात त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. त्या दिवसापासून पुण्यात जुलै संपत येईपर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे ज्या महिन्यांत घराबाहेर अंग भाजतं, त्याच महिन्यांत दक्षिणेच्या गॅलरीतल्या कुंड्यांना थेट ऊन मिळत नाही. उत्तरेच्या गॅलरीचं याच्या उलट. थंडीत तिथे उन्हाचा कवडसाही नसतो, पण मार्च ते सप्टेंबर सूर्य ईशान्येकडे उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं.

हे आपल्या घरी मोजायला एक खडू पुरतो. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता फरशीवर उन्हाची कड आखायची आणि तारीख लिहायची. डिसेंबरच्या शेवटी एकदा, मार्चच्या शेवटी एकदा आणि मेच्या मध्यावर एकदा. वर्षभर थांबायची तयारी नसेल तर निदान दिशा नीट बघावी आणि समोरची इमारत किती उंच आहे हे ध्यानात घ्यावं. पण खडूच्या तीन रेघांइतका भरवशाचा सल्ला कुठलाही नर्सरीवाला देऊ शकत नाही, कारण त्याने आपली गॅलरी पाहिलेली नसते.

आता मोगऱ्याकडे परत येऊ. मोगऱ्याचं फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं. ती फूट फेब्रुवारीपासून निघते आणि बहर जूनपर्यंत चालतो. म्हणजे त्याला ऊन हवं ते फेब्रुवारी ते मे, रोज सहा तास. चार तासांत फुलं येतात पण मोजकी. दक्षिणेच्या गॅलरीत नेमकं याच काळात ऊन सरतं आणि मोगरा नुसता वाढत राहतो. गच्ची त्याला सर्वांत चांगली. नाहीतर पूर्वेची किंवा पश्चिमेची गॅलरी. पश्चिमेला एक काळजी घ्यायची. एप्रिल-मेमध्ये दुपारभर कुंडीची बाजू तापते आणि कडेची मुळं भाजतात. वर पाणी घालूनही झाड दुपारी मान टाकतं ते यामुळे. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळावं किंवा पुढे दुसऱ्या कुंडीची आडोशाला ओळ लावावी. झाडाला ऊन, कुंडीला सावली.

जागा जमली की मग ताण आणि छाटणी. डिसेंबर संपता संपता पाणी तोडायचं. जमिनीतल्या मोगऱ्याला दोन ते तीन आठवडे. कुंडीतल्याला एवढा ताण सोसत नाही. आठ-दहा दिवसांत खालची पानं मलूल होऊन पिवळी पडू लागली की पुरे. जानेवारीच्या शेवटी छाटणी. जमिनीतलं झुडूप साधारण दीड फुटावर, कुंडीतलं आठ-दहा इंचांवर. काप तिरका, पानांच्या जोडीच्या किंचित वर. वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि आत वळलेल्या फांद्या बुडातून काढायच्या. उरलेली पानं हाताने खुडायची, एकही ठेवायचं नाही. इथे बहुतेकांचा हात थबकतो. हिरवं पान तोडायला जीव होत नाही. पण जुनी पानं ठेवली तर फूट एकसारखी निघत नाही, दोन फांद्या फुटतात आणि दहा तशाच बसून राहतात. मग वरची दोन इंच माती उकरून तीन-चार दिवस उन्हात उघडी ठेवायची. नंतर १२ इंचांच्या कुंडीला दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळून, तळातून निथळेपर्यंत पाणी द्यायचं.

दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगतात. कोवळी फूट आधी फिकट, किंचित तांबूस दिसते. पाच ते सात आठवड्यांत टोकाला मुगाएवढ्या कळ्या दिसू लागतात, बहुतेक वेळा तीन-तीन, मधली आधी मोठी होते. ती उमलून गेली, बाजूच्याही गेल्या, की तो शेंडा पानांच्या दोन जोड्यांसकट खुडायचा. महिन्या-सव्वा महिन्यात त्याच जागेवरून दोन नव्या फुटी कळ्या घेऊन येतात. जे हे खुडणं करत नाहीत त्यांचा मोगरा एप्रिलमध्ये एकदाच भरभरून येतो आणि थांबतो. कळ्या जांभळट पडून जाळ्याने एकमेकींना चिकटल्या असतील तर आत अळी आहे. अशा कळ्या तोडून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात आणि संध्याकाळी १ लिटर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल, १ मिलि पातळ साबण ढवळून फवारावं. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या मोगऱ्यात ते हमखास दिसतं. हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम १ लिटर पाण्यात विरघळवून पानांवर फवारलं की नवी पानं हिरवी येतात. युरिया देऊ नये. त्याने पुन्हा तेच, पानंच पानं.

मग दक्षिणेच्या गॅलरीत काय लावायचं? जे थंडीत फुलतं ते. कुंद. संस्कृतात त्याला माघ्य असंही नाव आहे, माघात फुलतो म्हणून. वास जवळजवळ नाही, पण पांढऱ्याशुभ्र चांदण्यांनी वेल इतकी भरते की वासाची उणीव जाणवत नाही. आणि शेवंती. शेवंती बहुवर्षायू आहे हे सांगितलं तर पुष्कळांना खरं वाटत नाही, कारण ती फुलांनी लगडलेली विकत आणायची आणि जानेवारीत फुलं वाळली की कुंडीसकट टाकून द्यायची असा रिवाज पडला आहे. दर हिवाळ्यात किती जिवंत शेवंत्या कचऱ्यात जात असतील, याची हळहळ वाटते. फुलं सरली की झाड जमिनीपासून चार-पाच इंचांवर कापायचं. बुडाशी मातीतून लहान हिरवी रोपटी वर येतात, त्यांना मुनवे म्हणतात. शेवंती खरी जगते ती त्या मुनव्यांत. एप्रिल-मे कुंडी दुपारच्या उन्हातून बाजूला, माती जेमतेम ओली. जूनमध्ये मुनवे मुळांसकट सोडवून एकेक लहान कुंडीत लावायचे. सहा-सात पानं आली की शेंडा खुडायचा, फांद्या आल्या की तीन-चार आठवड्यांनी त्यांचेही शेंडे. ऑगस्ट संपला की खुडणं बंद, नाहीतर कळ्याच खुडल्या जातात. पावसाळ्यात तिची मुळं चटकन कुजतात, म्हणून स्लॅबखालची गॅलरी तिला गच्चीपेक्षा बरी.

एवढं करूनही कधी शेवंती नोव्हेंबर उलटला तरी कळी धरत नाही. खत बदललं जातं, माती बदलली जाते. कारण बहुधा समोरच्या दिव्याच्या खांबावर असतं. शेवंती रात्रीची लांबी ओळखते. रात्र पुरेशी लांब आणि सलग काळोखी मिळाली तरच ती कळीला लागते. रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा गॅलरीतल्या रात्रभर जळणाऱ्या बल्बचा उजेड तिच्यावर पडत राहिला तर तिच्या लेखी अजून उन्हाळाच असतो. एकाच कुंडीत दिव्याकडची बाजू कोरी आणि भिंतीकडची कळ्यांनी भरलेली, असंही दिसतं. सप्टेंबरपासून कुंडी रात्री अंधारात सरकवली की काम होतं.

उत्तरेच्या गॅलरीवाल्यांनी निराश होऊ नये, कारण सोनटक्का आहे. मूळ पूर्व हिमालयाच्या परिसरातलं हे झाड कोकणात विहिरीच्या आणि पाटाच्या कडेला इतकं रुळलं की ते बाहेरचं वाटतच नाही. जगभर फिरलं, क्यूबाने तर त्याला राष्ट्रीय फूल मानलं. सोनटक्क्याची सगळी वाढ ज्येष्ठ ते आश्विन, म्हणजे उत्तरेकडे उजेड असतो तेव्हाच. थंडीत तो गप्प असतो, ऊन नसलं तरी त्याचं बिघडत नाही. दुपारचं ऊन लागलं तर पानांच्या कडा करपतात. कुंडी खोल नको, रुंद हवी, १४ ते १६ इंच, कारण त्याचे गड्डे खाली न जाता आडवे पसरतात. गड्डा दोन-तीन डोळ्यांचा घ्यावा, कापलेली बाजू राखेत बुडवून एक दिवस सावलीत सुकवावी आणि जेमतेम दीड-दोन इंच खोल आडवा लावावा. खोल पुरला की कुजतो. पावसाळ्यात माती ओली राहिलेली त्याला आवडते. एरवी ज्या झाडांना "पाणी साचू देऊ नका" म्हणतो, त्यांत हा अपवाद.

एका दांड्याला एकदाच फुलोरा येतो. टोकाला हिरव्या खवल्यांचा कणसासारखा गोंडा धरतो, प्रत्येक खवल्यातून आळीपाळीने दोन-तीन फुलं निघतात, संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मलूल होतात. गोंडा पूर्ण रिता झाला की तो दांडा बुडातून कापायचा. तो पुन्हा फुलणार नाही, नुसती जागा अडवून बसेल. तीन वर्षांनी कुंडी गड्ड्यांनी इतकी गच्च होते की पाणी वरून घातलं तर कडेने निघून जातं, आत शिरतच नाही आणि फुलं कमी होतात. वैशाखात सगळं उपसून अर्धे गड्डे कुणाला तरी द्यावेत.

बाकीची थोडक्यात. तगर कुठेही येते, दोन-तीन तासांच्या उन्हावर वर्षभर थोडी थोडी फुलते, आणि नवख्याने पहिलं झाड तिचंच लावावं असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यावर कधी बोटाएवढी हिरवी अळी दिसते, डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. ती एका देखण्या पतंगाची अळी. झाड तीन फुटांचं असेल तर तिला खाऊ द्यावं. पानं महिन्याभरात परत येतात. अबोलीला पूर्वेचं सकाळचं ऊन पुरतं. तिचे वाळलेले तुरे देठासकट काढत राहावे लागतात, नाहीतर ती बी धरण्यात गुंतते. अबोली भर पाण्यातही अचानक मलूल झाली तर उपटून मुळं बघावीत. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे डोळ्यांना न दिसणारे जंत आहेत, ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत घालू नये. अनंत मोहात पाडतो, पण त्याला आम्लधर्मी माती हवी. कोकणातल्या जांभ्या मातीत तो सुखाने वाढतो. देशावर बोअरचं जड पाणी असेल तर दोन वर्षांत पिवळा पडून कळ्या गाळतो, तेव्हा तिथे त्याचा हट्ट धरू नये. कळलावीचं फूल ज्वालेसारखं सुंदर आणि तिचा कंद प्राणघातक विषारी; घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर ती लावूच नये.

रोप घ्यायला जाताना मन घट्ट करावं लागतं, कारण नर्सरीत फुललेलं रोपच पुढच्या ओळीत मांडलेलं असतं. फूल नसलेलं, बुडातून तीन-चार फांद्या फुटलेलं, बुटकं रोप निवडावं. पानं उलटून बघावीत. खालच्या बाजूला पांढरा कापूस किंवा बारीक जाळी असली तर ते तिथेच ठेवावं. बुंधा चिमटीत धरून हलकेच हलवावा. मातीत तो सैल डुलला तर मुळं धरलेली नाहीत, नुकतंच पिशवीत खोचलेलं आहे. पिशवीच्या भोकांतून जाड मुळं बाहेर आली असतील तर आत मुळांचा वेटोळा झालेला असतो. असं रोप घ्यावंच लागलं तर लावताना तो वेटोळा बाजूंनी तीन-चार ठिकाणी उभा कापावा. नाहीतर मुळं मोठ्या कुंडीतही त्याच गोलात फिरत राहतात. घरी आणल्यावर आठ दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवावं. पिठ्या ढेकूण, म्हणजे तो पांढऱ्या कापसासारखा दिसणारा किडा, घरात येतो तो बहुधा नव्या रोपाबरोबरच, आणि एकदा जास्वंदीवर चढला की मुंग्या त्याला फांदीफांदीवर नेऊन पोचवतात.

लहान रोपाला एकदम मोठी कुंडी देणं ही मायेपोटी होणारी चूक आहे. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहते, आंबते आणि ती आंबटसर घाण मुळांपर्यंत येते. दर वेळी दोन इंच मोठी कुंडी पुरे. माती दोन भाग, कुजलेलं खत एक भाग आणि विटांचा जाडसर चुरा एक भाग. काळी माती कुंडीत नको. वाळली की कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून थेट तळाला जातं. अंगणातच काळी माती असेल तर आधी एक फुटाचा खड्डा करून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं तर तिथे खड्डा न करता फूटभर उंचवटा करून त्यावर लावावं. पाणी किती, याला आकडा नाही. बोट दोन इंच मातीत घालावं, ओल लागली तर थांबावं. हे पावसाळ्यातही करावं. बाहेर धो-धो पाऊस आणि स्लॅबखालची कुंडी कोरडी ठणठणीत, असं जुलैत घरोघरी असतं.

शेवटचं एक झाड, ज्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. फुटबॉल लिली, काही जण तिला मे फ्लॉवर म्हणतात. मूळची आफ्रिकेतली. मेमध्ये, वळवाच्या आसपास, कोऱ्या मातीतून एक जाड दांडा वर येतो आणि पाच-सहा दिवसांत त्याच्यावर शेकडो बारीक लाल फुलांचा चेंडू उमलतो. पानं नंतर येतात. ती पावसाळाभर राहतात आणि पुढच्या वर्षीच्या फुलाचं अन्न साठवायचं काम तीच करतात, म्हणून हिरवी असेपर्यंत एकही कापू नये. नोव्हेंबर-डिसेंबरात ती आपोआप पिवळी पडून झडतात. मग पाणी बंद. कंद हलवायचा नाही, त्याची मान मातीच्या पातळीलाच राहू द्यायची. उत्तरेची गॅलरी तिला चालते, कारण तिचे जागे राहायचे महिने तेच. पण डिसेंबर ते एप्रिल त्या कुंडीत दिसायला फक्त माती असते. कुणीतरी दिवाळीनंतरच्या किंवा गुढीपाडव्याआधीच्या साफसफाईत ती माती दुसऱ्या कुंडीत ओततं, नाहीतर तिच्यात कोथिंबीर पेरून रोज पाणी घालतं आणि झोपलेला कंद कुजून जातो.

म्हणून पानं झडली की त्याच दिवशी कुंडीच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने जाड अक्षरात लिहून टाकावं: "आत लिली आहे. पाणी नको. वैशाखात उगवेल."